प्लास्टरमधल्या पायाने व्हेलेन ते तूसाँ

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, सेलूजवळच्या आमच्या शेतात तुरीला पाणी लागले आहे का हे पाहायला गेलो असताना, ओल्या बांधावरून पाय घसरला आणि घोट्याच्या वरचे हाड चिरले. चार आठवड्यांचे प्लास्टर बसले आणि नवरात्रात मित्रांबरोबर माहूरला जायचे ठरले होते, ते राहिले. मी शाळेत भूगोल शिकवतो. वर्षातून एखादा प्रवास आणि त्याची रोजनिशी ही माझी जुनी सवय आहे. छत्रपती संभाजीनगरला शिकणारा पुतण्या तिसऱ्या दिवशी भेटायला आला, तेव्हा त्याने स्वतःचा कन्सोल बैठकीतल्या टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाला, ‘काका, प्रवासच करायचा असेल तर हा करा.’ तो व्हिडिओ गेम होता ‘द विचर ३: वाइल्ड हंट’. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो १९ मे २०१५ रोजी बाजारात आणला आणि पुढच्या वर्षभरात त्याला ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ व ‘ब्लड अँड वाइन’ अशी दोन मोठी एक्सपान्शन्स, म्हणजे मूळ गेमच्या पुढच्या जोडकथा, दिल्या. पुतण्याकडे तिन्ही होते.

निघण्यापूर्वी मी तीन नियम घालून घेतले. पाटीपासून पाटीपर्यंत क्षणात पोहोचवणारा फास्ट ट्रॅव्हल वापरायचा नाही. कोपऱ्यातला छोटा मॅप आणि मोठ्या मॅपवरची प्रश्नचिन्हे सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. आणि ज्या गावात रात्र होईल, त्या गावातल्या माणसांशी बोलल्याशिवाय पुढे जायचे नाही. हे नियम नसते तर मी खेळ संपवला असता, पण प्रदेश पाहिला नसता, असे मला आजही वाटते.

पहिला दिवस (द्वितीया)

व्हाइट ऑर्चर्ड हे पहिले खोरे लहान आहे. फळबागा, ओढा, पवनचक्की, एक खानावळ आणि नुकतेच येऊन गेलेले युद्ध. दक्षिणेकडच्या निल्फगार्ड साम्राज्याने टेमेरियाचे राज्य गिळले आहे आणि त्याची एक तुकडी गावाशेजारी तळ ठोकून धान्य मागते आहे. आपण असतो गेराल्ट. तो विचर आहे, म्हणजे पैसे घेऊन राक्षसी प्राणी मारणारा भटका कारागीर. लहानपणीच विषारी वनस्पतींच्या अर्कांनी त्याचे शरीर बदललेले असते; त्या दिव्यातून दहा मुलांपैकी तीनच वाचतात, असे या जगात सांगितले जाते. त्याच्या पाठीवर दोन तलवारी असतात, माणसांसाठी पोलादी आणि भुताखेतांसाठी चांदीची. त्याच्या घोडीचे नाव रोच आहे आणि शीळ घातली की ती येते.

संध्याकाळी आई माळ घेऊन टीव्हीसमोरच्या बाजेवर येऊन बसली. थोडा वेळ पाहून तिने विचारले, ‘ते माणूस एकटंच का फिरायलंय?’ मी म्हणालो की तो कुणालातरी शोधतो आहे. खरेच आहे ते. आधी येनेफर नावाच्या बाईला आणि मग सिरी या मुलीला शोधण्यासाठीच हा सगळा प्रवास आहे.

दुसरा दिवस

आजचा बहुतेक दिवस एका विहिरीने घेतला. गावातल्या फळ्यावर ओडोलन नावाच्या माणसाने चिठ्ठी लावली होती. त्याची मुलगी आजारी आहे, तिला स्वच्छ पाणी हवे आहे आणि ते फक्त उजाड पडलेल्या शेजारच्या वस्तीतल्या विहिरीत आहे. पण तिथे काहीतरी वावरते. गेराल्ट वस्ती हुडकतो. पडक्या घरात जुन्या वहीतली पाने सापडतात, विहिरीत दोराला लटकलेला सांगाडा दिसतो आणि त्याला एक हात नसतो. तळाच्या पाण्यात उतरल्यावर हाताबरोबर गेलेले कडे मिळते. सांगाडा आणि कडे एकत्र जाळल्याशिवाय ती बाई जात नाही. तिला या गेममध्ये नूनरेथ म्हणतात. लग्नाआधी अकाली मेलेली, भर दुपारी उन्हात शेतांत फिरणारी ही हडळ पोलंडच्या लोककथांतल्या पोवुद्नित्सावरून घेतलेली आहे. यर्डेन या जादूच्या चिन्हाचे वर्तुळ जमिनीवर आखले की ती त्यात अडकते आणि मगच तलवार तिला लागते. वर्तुळाबाहेर नुसता धूर कापल्यासारखे होते. मी चार वेळा मेलो, पाचव्यांदा जमले.

आई हे सगळे पाहत होती. गेराल्ट लख्ख उन्हात विहिरीच्या काठावर उभा राहिला तशी ती म्हणाली, ‘बारा वाजायच्या वक्ताला हिरीवर कुणी जात असतंय का?’ आमच्या गावात लहानपणी आम्हाला हेच सांगितले जाई. भर बाराला आणि तिन्हीसांजेला विहिरीकडे फिरकायचे नाही. वॉर्सातल्या कुणाची आजी आणि माझी आई एकाच गोष्टीला भ्यायच्या, हे त्या क्षणी कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मोबदल्यासाठी घासाघीस करायची सोय गेम देतो, पण ज्या घरात पाण्यासाठी पोर खोळंबले आहे तिथे मी ती केली नाही.

त्याच दिवशी औषधी जाणणाऱ्या टोमिराकडे एक जखमी मुलगी पडलेली दिसली. ग्रिफिनने तिला फाडले होते. विचरचे ‘स्वॅलो’ नावाचे औषध दिले तर ती वाचेल किंवा हाल होऊन मरेल. मी दिले. काय झाले ते गेम लगेच सांगत नाही, तसाच पुढे पाठवतो.

तिसरा दिवस

ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेला प्राणी, दुपारी मारला. सैनिकांनी त्याची मादी घरट्यात मारली होती, म्हणून तो माणसांवर उठला होता; हे आधी कळल्यामुळे त्या लढाईत मला आनंद झाला नाही. संध्याकाळी खोरे सोडले आणि व्हेलेनमध्ये उतरलो.

चौथा दिवस

व्हेलेनविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या सबंध प्रवासात मला सर्वांत जास्त दिवस राहावेसे वाटले ते याच दरिद्री मुलखात. दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेला हा दलदलीचा प्रदेश आहे. शिरताच एक मोठे झाड लागते आणि त्याच्या फांद्यांना माणसे लटकलेली असतात. रस्त्याच्या कडेला मोडक्या गाड्या आहेत, शेतात पेरणी झालेली नाही, घरांच्या दारांत म्हातारी माणसे आणि मुले आहेत. तरणे पुरुष फारसे दिसत नाहीत. पण मला धरून ठेवले ते वाऱ्याने. इथे वारा सतत वाहतो. पाऊस यायच्या आधी आभाळ जांभळट होते, झाडे एका बाजूला वाकतात, उंच गवत लाटेसारखे आडवे होते आणि दूरवर कुत्रे भुंकते. खिडकीबाहेर आमच्या सोयाबीनवरही तेव्हा तसाच वारा सुटला होता. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि गेराल्टला पाच मिनिटे नुसते उभे केले.

निल्फगार्डच्या छावणीत एका सैनिकाने ओळख काढली. टोमिराकडची ती मुलगी त्याची प्रेयसी होती. ती वाचली, पण तिचे भान गेले आहे, आता ती त्यालाही ओळखत नाही. दुसऱ्या दिवशीच्या निर्णयाचे उत्तर हे असे चौथ्या दिवशी, आडवाटेला, मागितल्याशिवाय मिळाले. चूक की बरोबर याचा शिक्का गेम मारत नाही. मी त्या रात्री बराच वेळ विचार केला आणि तरीही पुन्हा तेच केले असते, याच ठिकाणी येऊन थांबलो.

पाचवा दिवस

क्रोज पर्च हा व्हेलेनच्या स्वयंघोषित बॅरनचा गढीवाडा आहे. फिलिप स्ट्रेंगर हे त्याचे नाव. अगडबंब, बोलघेवडा, दारूत बुडालेला हा माणूस. त्याची बायको अॅना आणि मुलगी टमारा घर सोडून गेल्या आहेत. त्या कुठे गेल्या हे शोधून दिले तर सिरीबद्दल सांगतो, असा त्याचा सौदा आहे. शोध घेता घेता कळते की तो बायकोला मारत असे आणि अशाच एका रात्रीनंतर तिचे दिवस भरण्याआधीच मूल गेले. त्या मुलीला बॅरनने नाव न ठेवता, विधी न करता पुरले. त्यामुळे ती बॉचलिंग झाली, म्हणजे रात्री उठून गरोदर बायकांचे रक्त पिणारे एक विद्रूप अर्भक.

गेराल्टपुढे दोन वाटा असतात. तिला मारता येते. किंवा बापालाच तिला उचलून वाड्यापर्यंत न्यायला लावता येते. मी दुसरी वाट घेतली. पावसात, चिखलात तो मोठा माणूस ते लेकरू छातीशी धरून चालतो आणि ते हातात वळवळू लागले की गेराल्ट अक्सी या चिन्हाने त्याला शांत करतो. वाड्याच्या दाराशी उंबऱ्याखाली खड्डा खणतात. बाप तिची क्षमा मागतो, तिला आपली मुलगी म्हणून स्वीकारतो आणि तिला नाव देतो: डेआ. मग माती लोटतात. दुसऱ्या दिवशी ती राखणदार होऊन उंबऱ्यातून बाहेर पडते आणि आपल्या आईच्या वाटेवर पुढे चालू लागते.

टीव्हीचा आवाज मी कमी केला होता. बाजेवरून आई म्हणाली, ‘काय नाव ठेवलं त्यानं?’ मी सांगितले. ती काही वेळ माळेचे मणी नुसतेच बोटांत धरून बसली आणि मग म्हणाली, ‘तुझ्या आधी एक पोरगी होती. दहाव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं राह्यलं.’ हे मला कधीतरी आत्याने ओझरते सांगितले होते. आईच्या तोंडून मी ते पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले. बाराव्या दिवसाआधी गेलेल्या लेकराला नाव नसते, त्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि त्याच्याविषयी पुन्हा घरात बोलायचे नाही हाही एक रिवाजच असतो. मी कन्सोल बंद केला. त्या रात्री आम्ही दोघे वीज जाईपर्यंत बोलत बसलो आणि वीज गेल्यावरही बोलत राहिलो. इथे त्यातले आणखी काही लिहायचे नाही.

सहावा दिवस

क्रुकबॅक बॉग नावाची दलदल आहे. तिथे जंगलाच्या तीन म्हाताऱ्या मुलखावर राज्य करतात. गावकरी त्यांना भितात आणि त्यांच्या आशीर्वादावरच पिकेही घेतात. जवळच्या गावचा पाटील त्यांना मोबदला म्हणून स्वतःचा कान कापून देतो, आणि तो कान पोहोचवायचे काम गेराल्टकडे येते. दलदलीत अनाथ मुले सांभाळत राहणारी ‘आजी’ म्हणजेच बॅरनची हरवलेली बायको अॅना, हे हळूहळू उलगडते.

पुढे टेकडीवरच्या एका झाडात कोंडलेला आत्मा मुलांना वाचवण्याचे वचन देतो आणि सोडवणूक मागतो. सोडले तर मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते आणि अॅनाचा अंत ओढवतो. मारले तर अॅना वेडाच्या भरात का होईना जगते, पण मुलांचा घास होतो. हा परिणाम आधी कुणी सांगत नाही. मी सोडले. त्याचे जे झाले ते झाले. बॅरनने एका झाडाला गळफास घेतलेला मला दिसला आणि मी त्याच झाडाखाली रोचला थांबवून बराच वेळ उभा राहिलो. खेळांत दुष्टाला शिक्षा आणि सज्जनाला बक्षीस असा जो हिशेब असतो, तो व्हेलेनमध्ये लागत नाही. इथे जो निर्णय घ्यायचा तो अपुऱ्या माहितीवर, घाईत, आणि ज्यांना त्याची झळ लागणार त्यांच्यादेखत. दुष्काळात कोणते जनावर छावणीत न्यायचे आणि कोणते बाजारात, हे ज्यांनी ठरवले आहे त्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

सातवा दिवस (अष्टमी)

वडिलांची तिथी. आज खेळलो नाही. वडे, खीर, आमसुलाची चटणी झाली; भावाने घास पत्र्यावर ठेवला आणि कावळा लगेच आला.

आठवा दिवस

हा योग मी जुळवलेला नाही. काल घरी श्राद्ध झाले आणि आज व्हेलेनमध्ये पेलारने, म्हणजे तिथल्या देवऋषीने, मला पितरांच्या रात्रीला बोलावले. ‘जादी’ हा स्लाव्ह लोकांचा जुना विधी आहे. शब्दाचा अर्थच मुळी आजे-पणजे असा. गेममध्ये तळ्याकाठच्या उभ्या दगडांच्या वर्तुळात रात्री गावकरी गोळा होतात, पेलार मंत्र म्हणतो आणि लोक आपापल्या मेलेल्यांची वाट पाहत उभे राहतात. पाण्यातून बुडून मेलेल्यांसारखे दिसणारे हिंस्र प्राणी वर येतात. त्यांना अडवून विधी पार पाडू देणे एवढेच गेराल्टचे काम. शेवटी धर्मसत्तेचे शिकारी येऊन हा जुना विधी बंद पाडू पाहतात. मी त्यांच्यावर तलवार उपसली. एरवी मी बोलणी करून वाट काढत असे, पण आदल्या दिवशीच पत्र्याकडे पाहत उभ्या असलेल्या माणसाला दुसरे काही सुचले नसते.

नंतर पेलारच्या स्वतःच्या बापाचा आत्मा येतो आणि त्या दोघांत काय घडले होते ते कळते. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी ही जोडकथा चुकवू नये. ती मुख्य कथेत नाही, ती वाटेत भेटते.

नववा ते बारावा दिवस

हे चार दिवस मी घाईने काढले आणि त्याची मला खंत आहे. नोव्हिग्राड हे मोठे स्वतंत्र बंदर, पण त्यात प्रवेश करताच चौकात जिवंत माणसे जाळलेली पाहावी लागतात. चेटूक करणारे, वेगळ्या वंशाचे, जे कुणी सापडतील ते. शहराची गजबज अस्सल आहे, कोंबड्यांपासून कोळणींपर्यंत. तरीही माझा जीव तिथे रमला नाही. जहाजाच्या भाड्याचे हजार क्राउन जमवले आणि पश्चिमेच्या स्केलिगे बेटांना निघालो.

वाटेत चाचे पडले, जहाज फुटले आणि किनाऱ्यावर शुद्ध आल्यावर बंदराला पोहोचलो तेव्हा समोर राजाची अंत्ययात्रा चालली होती. पेटवलेली नाव समुद्रात ढकलली जात होती आणि एक बाई स्वतःहून त्या नावेत चढत होती. आमच्याकडच्या सतीशिळा आठवल्या. स्केलिगेचे डोंगर, बर्फ, खाली काळे पाणी आणि रात्रीचे ते एका बाईच्या आवाजातले संगीत यांसाठी तरी तिथे जावे. समुद्रात विखुरलेल्या चोरट्या मालाच्या पेट्या मात्र शोधू नयेत. पुतण्याने फोनवर बजावले होते, तरी मी अर्धा दिवस नाव हाकण्यात घालवला आणि हाती गंजलेल्या तलवारींखेरीज काही लागले नाही. या भागातली ती भरताड आहे आणि एवढ्या काळजीने घडवलेल्या गेममध्ये ती नसती तर बरे झाले असते.

सिरीच्या शोधाचा शेवट मी लिहीत नाही. बाराव्या दिवशी पहाटे तीन वाजता तो झाला.

तेरावा दिवस

१३ ऑक्टोबर २०१५ रोजी आलेले ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ सुरू केले. नवा प्रदेश फार नाही, नोव्हिग्राडच्या आसपासची आणखी काही गावे आहेत. पण कथा अशी बांधेसूद आहे की दोन दिवसांत संपली आणि संपूच नये असे वाटले. ओल्गिएर्ड या सरदाराने मनातली इच्छा पुरी करून घेण्यासाठी एका आरसे विकणाऱ्याशी करार केला आहे. आरसेवाल्याला ओल्गिएर्डचा आत्मा न्यायचा असेल तर ओल्गिएर्डच्या तीन इच्छा तिसऱ्याच माणसाने पुऱ्या करायच्या आणि मग दोघांनी चंद्रावर उभे राहायचे. पोलंडमध्ये ट्वार्डोव्हस्की नावाच्या मांत्रिकाची जुनी दंतकथा आहे. सैतानाने आपल्याला फक्त रोममध्येच न्यावे अशी अट त्याने घातली आणि शेवटी तो ‘रोम’ नावाच्या खानावळीतच सापडला. गेममधला चंद्रही तसाच फसवा निघतो, कारण तो एका मंदिराच्या फरशीवर कोरलेला असतो.

पहिली इच्छा अशी की मेलेल्या धाकट्या भावाला एक दिवस मनसोक्त मौज करू द्यायची. भावाचा आत्मा गेराल्टच्या अंगात येतो आणि मध्यरात्रीपर्यंत खेड्यातल्या एका लग्नात धुमाकूळ घालतो. डुकरे हाकायची, तळ्यात बुडी मारून जोडे काढायचे, आगीचे खेळ करणारा गडी कुठे गेला ते हुडकायचे. तो कुत्र्याच्या खोपटात झोपलेला निघतो. आमच्या घरात पितृपक्षात लग्नाचे नाव काढत नाहीत, तरी वहिनी, पुतणी आणि आई तिघी हे लग्न पाहायला बसल्या. गेराल्ट एरवी ओठ मिटून बोलणारा, थकलेला माणूस. दुसऱ्याच्या आत्म्यामुळे तो हसताना, नाचताना पाहून आईला त्याची फार कणव आली. ‘त्याच्या स्वतःच्या लग्नात नाही का कुणी नाचणार?’ तिने विचारले.

चौदावा दिवस (सर्वपित्री अमावस्या)

सकाळी पाने वाढताना आईने वहिनीला एक घास जास्तीचा ठेवायला सांगितला. कुणासाठी, हे वहिनीने विचारले नाही. पाणी सोडताना आईने एक नाव घेतले. ते मी आधी कधी ऐकले नव्हते.

दुपारी तिसरी इच्छा उरली होती. ओल्गिएर्डने बायकोला दिलेला जांभळा गुलाब परत आणायचा. बायको आयरिस चित्रकार होती. दगड झालेल्या काळजाचा नवरा तिला सोडून गेला आणि ती रिकाम्या वाड्यात एकटी मेली. तिने काढलेल्या चित्रात शिरून तिच्या आठवणी आपण एकेक करून लावतो. ताटे जागेवर ठेवायची, मेणबत्ती लावायची, खिडकीशी तिला उभे करायचे. प्रत्येक प्रसंग चित्रासारखा थिजलेला असतो आणि योग्य वस्तू योग्य ठिकाणी गेली की तेवढ्यापुरता जिवंत होतो. शेवटी विचारले जाते की गुलाब घेणार का? घेतला तर तिचे हे जग मिटते आणि तिची सुटका होते. ठेवला तर ती तशीच राहते. मी घेतला. अमावस्येला अडकलेल्याला जाऊ देणेच मला योग्य वाटले.

पंधरावा ते अठरावा दिवस

घटस्थापनेच्या दिवशी ‘ब्लड अँड वाइन’ सुरू केले. तूसाँ हा द्राक्षमळ्यांचा, शिलेदारांचा आणि रंगीत किल्ल्यांचा छोटा सरंजामी मुलूख आहे. व्हेलेनच्या चिखलानंतर त्या उन्हाकडे पाहवत नाही, इतके ते पिवळे आहे. हे एक्सपान्शन ३१ मे २०१६ रोजी आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मी तेव्हा लातूर स्टेशनवर ती वाघिणींची रांग पाहायला गेलो होतो. तूसाँच्या ओळीओळींच्या हिरव्या मळ्यांतून रोच चालवताना ती रांग डोळ्यांपुढून हलत नव्हती.

इथे कामाचा आगाऊ मोबदला म्हणून गेराल्टला कोर्व्हो बियांको ही पडीक द्राक्षबाग आणि घर मिळते. या क्षणापर्यंत हा माणूस बिनघराचा होता. आता त्याला कारभारी मिळतो, गडीमाणसे मिळतात. पैसे साठवून खोली, तबेला, औषधी झाडांचा वाफा, शस्त्रे टांगायच्या चौकटी असे एकेक करून घ्यायचे. मी मुख्य कथा बाजूला ठेवून तीन दिवस हेच केले. दोन शेजारी मळेवाल्यांत तिसरा मळा कुणी घ्यायचा यावरून चाललेले वैरही सोडवले. दोघांचीही कामे मन लावून केली तर ते शेवटी तो मळा भागीत घेतात. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आमच्या तालुक्यात मला हा शेवट परीकथेहून मोठा वाटला.

बोक्लेर शहरातल्या बँकेत गेराल्टचे जुने पैसे जमा असतात. पण कागदोपत्री तो मेलेला आहे, म्हणून खाते गोठवलेले. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला रांगा, खिडक्या आणि ए-३८ नावाचा परवाना. हे पाहायला मी शेजारच्या निवृत्त गुरुजींना बोलावले. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या त्या माणसाने पूर्ण वेळ मान हलवत पाहिले आणि गेराल्टला पैसे मिळेपर्यंत चहाला हात लावला नाही.

एकोणिसावा दिवस

अंगावर ठिपके असलेल्या एका राक्षसिणीची लाळ औषधासाठी हवी होती. जंगलातल्या तिच्या घरात भिंतभर चमचे आहेत, शेकड्यांनी. फार वर्षांपूर्वी ती माणूस होती, मार्लेन नावाची. दारी आलेल्या भुकेल्या भिकाऱ्याला तिने हाकलले आणि त्याने शाप दिला. तेव्हापासून ती शिजवते, चमचे गोळा करते आणि कधीच पोट भरत नाही. पुतण्या म्हणाला होता की बहुतेक जण तिला मारून मोकळे होतात. पण घर नीट पाहिले, लिहिलेले वाचले, तर आणखी एक वाट सापडते, ती म्हणजे तिच्याबरोबर पानावर बसायचे. गेराल्ट त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसतो, तिच्या कढईतले तेच घाणेरडे कालवण चमच्याने तोंडात घालतो, आणि ती समोर बसून खाते. एवढेच. शाप उतरतो आणि जमिनीवर एक म्हातारी पडलेली असते.

तलवार न काढता जिंकलेला हा या प्रवासातला सर्वांत मोठा सामना. तो जिंकायला आधीच्या अठरा दिवसांचे थांबून वाचणे, ऐकणे कामी आले.

तेविसावा दिवस (खंडेनवमी)

काल रात्री मुख्य कथा संपली. शेवटी गेराल्ट आणि त्याचा जुना मित्र रेजिस आगीशेजारी बसतात, आता थोडी विश्रांती मिळायला हरकत नाही असे बोलतात आणि गेराल्ट मान वळवून सरळ आपल्याकडे पाहतो. क्षणभरच. मग किंचित हसतो.

आज भावाने अंगणात कोयते, विळे, फवारणीचा पंप, नांगराचा फाळ मांडून पूजा केली. मी कोर्व्हो बियांकोच्या वरच्या खोलीत दोन्ही तलवारी चौकटीवर टांगल्या, चिलखत उतरवले, रोचला तबेल्यात नेले आणि साध्या सदऱ्यात गेराल्टला मळ्यात चालवत नेले. संध्याकाळ होती; गडी ओळींमधून परतत होते. तिथे सेव्ह केले. उद्या प्लास्टर निघेल आणि पुतण्या कन्सोल घेऊन जाईल.

आई आपट्याची पाने निवडत बसली होती. टीव्ही बंद करताना तिने विचारले, ‘त्या चमच्यावाल्या म्हातारीचं काय झालं रे? कुठं ऱ्हायली ती?’

‘त्याच्याच घरी,’ मी म्हणालो. ‘स्वयंपाकाला ठेवली.’

‘जेवली का?’

‘जेवली.’